तीन नंबरचं मशीन

शर्यतीसाठी बैल बगायला गेलो की आमी तीन गोष्टी बगायचो. पळतो कसा, मारका हाय का, आन् धावायच्या घाटात मधीच बसतो का. बाकी शिंगं, रंग, वशिंड हे समदं मालकाच्या मिशीला पीळ द्यायला. माझी निम्मी उमर लोणी काळभोरात दुसऱ्याचे बैल सांभाळण्यात गेली. मंग रिक्षा घेतली आन् हडपसरला आलो. वाटलं, सुटलो. पण इथं तर घरातच शर्यत लागली, ती बी कम्प्युटरची.

माझी बायको कौशल्या गाडीतळाच्या मागं खानावळ चालवायची. कारखान्यातली पोरं जेवायला असायची. कुणाला करपलेली भाकरी लागते, कोण वांगं खात न्हाय, कुणाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन कवा हाय, समदं हिच्या डोक्यात. पोरगा दारात चप्पल काढंस्तवर ताट वाढलेलं. मी म्हणायचो, अगं निदान विचार तरी काय पाहिजे. तर म्हणायची, "विचारायला तो काय पाव्हणा हाय?"

पुढं कारखाने बारगळले. हिंजवडीला काचेच्या बिल्डिंगा उठल्या, पोरं तिकडं गेली आन् कँटीनमधी जेवायला लागली. हिनं जेवणाची टेबलं घासून पुसून त्याच्यावर कम्प्युटर मांडले आन् बाहेर पाटी लावली, सायबर कॅफे. केबलवाल्यानं गच्च्यांवरनं वायर आणून दिली. पाच मशिनी. मागं गॅस तसाच चालू. लोक अमेरिकेतली मेल वाचायचे आन् फोडणीनं शिंकायचे.

आता इंटरनेट ज्या खिडकीतनं बगायचं, तिला ब्राउझर म्हणत्यात. आमच्याकडं दोन व्हते. एक मशिनीबरोबरच आलेला, दुसरा मागनं टाकलेला. त्यांची इंग्रजी नावं माझ्या जिभंवर बसंनात, म्हणून मी जुन्याला म्हणायचो हरण्या आन् नव्याला पांड्या. गिऱ्हाइकं बी तसंच म्हणायला लागली.

हरण्याची एक खोड व्हती. कुणी आपलं नाव आन् पासवर्ड टाकला की तो इचारायचा, लक्षात ठेवू का? हे कौशल्याला कळलं तवा ती अशी खुलली, म्हणली, "अवो, ह्ये मशीन आपल्या खानावळीसारखंच हाय की!" तवापासनं येईल त्याला सांगायची, हो म्हणा, हो म्हणा, पुढल्या खेपंला तरास न्हाय. आन् खरंच. दुसऱ्या दिवशी माणसानं नावातलं पहिलं अक्षर दाबलं की हरण्या समदं नाव पुढं करायचा, खाली पासवर्डचे काळे ठिपके पटापटा भरायचा. ताट वाढल्यागत.

रुपाली आमच्याकडं आली ती माझ्या रिक्षातनं. सकाळी स्टेशनाबाहेर उभी व्हती, हातात एक पिशवी, पायात दोन जोडांच्या दोन चपला. मी इचारलं, कुठं जायचं ताई? तर म्हणली, "काकाजी, मले कुठंबी न्या. जिथं बाया असतील तिथं." मला काकाजी कुणी म्हणत न्हाय. आमच्याकडं काका, मामा, न्हायतर अय रिक्षा. मी तिला सरळ कौशल्याकडं आणली.

वर्ध्याकडची. डावा हात कोपरातनं सरळ व्हायचा न्हाय. कशानं, ते तिनं सांगितलं न्हाय आन् कौशल्यानं इचारलं न्हाय. एवढंच कळलं, की नवरा कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, आन् त्यानं सांगून ठेवलंय, पळालीस तर जिथं असशील तिथनं काढीन, आन् दुसरा हात बी तसाच करीन. ती स्वैपाकघराच्या दाराशी निजायची. त्या दाराला लागून तीन नंबरचं मशीन. त्याच्यावर कौशल्यानंच तिला मेल काढून दिला, म्हंजे वर्ध्याला बहिणीला खुशाली कळवता येईल. पासवर्ड टाकला. हरण्यानं इचारलं, लक्षात ठेवू? कौशल्यानं स्वतःच्या बोटानं दाबलं, हो.

पोरगी हुशार. कोर्स केला, हिंजवडीला नोकरी लागली. तिकडंच मुलींच्या हॉस्टेलात ऱ्हायला गेली. तिची कंपनी वेबसाइटी बनवायची, आन् हिचं काम काय, तर त्या साइटी निरनिराळ्या ब्राउझरात नीट चालत्यात का ते बगायचं. हापिसात घरचा मेल उघडला तर नोकरी जाईल असा नेम, म्हणून दर रविवारी दोन बस बदलत आमच्याकडं यायची, जेवायची, बहिणीला लिहायची.

पांड्या तिनंच टाकला. एका रविवारी म्हणली, "काकाजी, या दोघांची शर्यत लावायची हाय. हापिसचं काम हाय. वेग, सुरक्षितपणा आन् भरवसा, तिन्ही बगायचं."

"म्हंजे पळतो कसा, मारका हाय का, आन् मधीच बसतो का," मी म्हणलो. "मंग झेंडा माझ्याकडं दे."

तिनं शेजारशेजारच्या दोन मशिनींवर दोघांना उभं केलं. मी रुमाल खाली पाडला. हरण्या असा सुटला, पांड्या अजून अर्ध्या पानावर तवर ह्याचं पान फोटोसकट तयार. मी आरोळी ठोकली.

तीन नंबरवर शरच्चंद्र सर बसले व्हते. रिटायर मास्तर, मूळचे पेठंतले, लेकानं हडपसरला फ्लॅट घेऊन दिला आन् स्वतः अमेरिकेला गेला. रोज त्याचा मेल बगायला यायचे. चष्म्यावरनं बगत म्हणले, "पोपटराव, एक वेब पान उघडलंय. गुलाल खिशातच असू द्या."

मंग रुपालीनं दोघांवर येकदम लई पानं उघडली. हरण्या मधीच बसला. हूं न्हाय की चूं न्हाय, माऊसचा बाण बी हलंना. पांड्या आपला हळूहळू, पण चालत ऱ्हायला. मी म्हणलो, व्हतं असं, उन्हाचा बैल बी बसतो.

"आता तिसरं," रुपाली म्हणली, आन् तिचा आवाज बदलला. "काकू, तुमचा हरण्या मारका हाय. तो तुमाले न्हाय मारत. त्याच्या पाठीवर बसलेल्याले मारते. जो येईल त्याच्यापुढं दुसऱ्याचं ताट मांडते तो. पांड्याले मी शिकवलंय, बंद केलं की समदं विसरायचं."

"विसरणारा काय कामाचा गं?" कौशल्या म्हणली. "ह्या सरांना सोताचा पासवर्ड ठावा न्हाय."

"मला माझं नाव ठाऊक आहे, तेवढं पुरतं," सर म्हणले.

"मी समद्या मशिनींवरनं पुसून टाकते काकू. या तीन नंबरवर तर माझंबी हाय."

"सरांचं झालं की मी पुसते. तू जेव आधी, भाकरी गार व्हाया लागली."

पोरगी जेवायला बसली. बाकीच्या चार मशिनी तिनं जेवण झाल्यावर पुसल्या. तीन नंबरवरनं सर उठलेच न्हाईत, तिची बस चुकायला लागली, मी तिला रिक्षात घातली. आन् कौशल्या? सरांचा पासवर्ड पुसला तर उद्या म्हातारा रडकुंडीला येईल, म्हणून हिनं ते ऱ्हाऊ दिलं. ठरवून न्हाय. ऱ्हाऊ दिलं.

मंगळवारी दुपारी मी जेवायला घरी आलो. कौशल्या आत भाकऱ्या थापत व्हती, मी गल्ल्यावर बसलो. सर तीन नंबरवर. बाकी कुणी न्हाय. तेवढ्यात दारात एक जण उभा ऱ्हायला. इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक, गळ्यात पेनड्राइव्ह. हसरा.

"काकाजी, नेट हाय का?"

त्या एका शब्दानं मला समदं कळलं. मान हलवली असंल मी, कारण तो आत आला. एक नंबरवर बसला. बसता बसता इचारतो, "ब्राउझर कोणता ठेवता?"

"दोन हायत."

"अरे वा. लोक नव्याच्या मागं लागतेत. मी आपला जुन्याच्या बाजूनं. माझं दुकान हाय वर्ध्याले, दिवसभर हेच. जुना पळते बी चांगला, आन् भला माणूस हाय तो. काही विसरत न्हाय."

मंग त्यानं खिशातनं फोटो काढला. लग्नातला. हार घातलेली रुपाली, दोन्ही हात सरळ.

"माझी मिसेस. डोक्याचं जरा बरं न्हाय तिचं. घरून निघून आली. दिग्विजय म्हणतेत मले. तुमी पाह्यली काय हिले?"

"हितं लई लोक येत्यात," मी म्हणलो.

"येत असतील. तिचे मेल जातेत ना बहिणीले, बहिणीचा पासवर्ड मले ठाऊक हाय. पत्ता लिवत न्हाय ती, पण मेलच्या पोटात कुठून गेला ते लिवलेलं असते. एवढं कळलं, की हडपसरचा केबलवाला हाय. मंग काय, गाडीतळापासून एकेक कॅफे पाहत येऊन राह्यलो."

तो कीबोर्डवर दोन बोटं टेकवायचा, येक अक्षर दाबायचा, थांबायचा. काही आलं न्हाय. पाठ टेकवून म्हणला, "हे मशीन जरा स्लो हाय. दुसऱ्यावर बसू?" दोन नंबरवर गेला. येक अक्षर. थांबला. उठला. चार नंबर. त्याला कसली घाई न्हवती. शेंग फोडावी तशी एकेक मशीन.

हाकलावं वाटलं. पण हाकललं म्हंजे सांगितल्यासारखंच, की ती हितंच येती. मी आत गेलो. कौशल्याच्या हातात पिठाचा गोळा. मी नुसतं म्हणलो, "तिचा नवरा आलाय. मशिनी हुंगतोय."

हिचा चेहरा तव्यावानी काळा पडला. "तीन नंबर," म्हणली.

"पुसलं न्हवतंस?"

तिनं मान हलवली. त्या मेलात काय न्हवतं? हॉस्टेलाचं नाव, खोली, कंपनीचं पत्र, सुटायची येळ. येकदा उघडला की तो संध्याकाळी हिंजवडीला कंपनीच्या गेटावर उभा.

"मी जाऊन पुसते."

"तो बगतोय गं. तिला फोन लाव. पासवर्ड बदल म्हणावं, आत्ताच्या आत्ता."

"मोबाइल आत नेऊ देत न्हाईत तिला." मंग तिनं डोळे मिटले आन् कंपनीच्या रिसेप्शनचा नंबर घडाघडा म्हणली. रुपालीनं कवातरी येकदा बोलता बोलता सांगितला असंल. हिच्या डोक्यातनं काही जात न्हाय ते त्या दिवशी कामाला आलं. माझा मोबाइल घेऊन ती मागल्या मोरीत गेली. नळ सोडला, आवाज जाऊ नये म्हणून.

मी बाहेर आलो तर तो पाच नंबरवरनं उठत व्हता. ऱ्हायलं येकच. तो सरांच्या पाठीशी जाऊन उभा ऱ्हायला.

"सर, तुमचं झालं काय?"

सर वळले न्हाईत. "नाही."

"किती वेळ हाय अजून?"

"माझा मुलगा अमेरिकेत असतो. त्याचं पत्र दोन ओळींचं असतं. त्यामुळे मला ते पुष्कळ वेळा वाचावं लागतं."

तो हसला. स्टूल ओढलं आन् सरांच्या मागंच बसला, येवढं जवळ की सरांच्या मानंवरचे केस हलले. मी सरांकडं बगत व्हतो. त्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं पाह्यलं. माझं तोंड बगून म्हाताऱ्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी त्या दोन ओळी पुन्हा वरनं वाचायला घेतल्या, ओठ हलवत. मागं मोरीत नळ चालू. त्याच्या धारंत कौशल्याचा आवाज, बारीक, "अवो मॅडम, रुपाली... टेस्टिंगवाली... घरनं हाय... व्हय व्हय, धरते."

"पाणी लई वाया जाऊन राह्यलं काकाजी," तो म्हणला.

"धुणं हाय," मी म्हणलो.

"दुपारी?"

तो उठला, सरांच्या खांद्यावरनं हात घातला आन् माऊसवर ठेवला, सरांच्या हातावरच. "दोनच मिनिटं सर. मंग तुमी दिवसभर वाचा." लई गोड बोलला. पण सरांची बोटं दबलेली मी पाह्यली. सर उठले. काठी घेतली आन् बाहेर निघून गेले. मला वाटलं, गेला म्हातारा, आपलं आपण बगा म्हणून गेला.

दिग्विजय बसला. हरण्या उघडला. येक अक्षर दाबलं.

अन् हरण्यानं ताट वाढलं. तिचं समदं नाव. खाली काळे ठिपके, येकामागं येक.

तो येवढंच म्हणला, "शाब्बास."

माझा हात आपोआप मागच्या बोर्डावर गेला. मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, ट्यूब गेली, बाकीच्या मशिनी विझल्या. आन् तीन नंबरच्या खाली युपीएस ओरडायला लागला, टीं टीं टीं. पडदा तसाच उजेडात. लाइट जाती म्हणून कौशल्यानं हौसेनं घेतला व्हता तो युपीएस, आन् नेटचा डबा बी त्याच्यावरच लावलेला.

त्यानं मागं बगितलं बी न्हाय. "बॅटरी चांगली हाय तुमची," म्हणला आन् बटण दाबलं.

वरनं पान उतरायला लागलं. निळी पट्टी. मी डब्यामागची वायर धरली आन् मुळासकट उपटली.

पान पांढरं झालं.

आता तो वळला. बराच येळ माझ्याकडं बगत ऱ्हायला. मी आयुष्यात मारके बैल पाह्यलेत. मारका बैल आधी फुरफुरतो, पाय उकरतो, म्हंजे बाजूला व्हायला माणसाला सवड देतो. ह्याच्या तोंडावर काही न्हवतं. उठला, माझ्याजवळ आला, माझ्या मुठीतली वायर सोडवायला लागला. ओढून न्हाय. येकेक बोट उचलून, लहान पोराच्या हातातनं काचंचा तुकडा घ्यावा तसं. मी दांडगा माणूस हाय, खोंडाला शिंगाला धरून खाली बसवलेला. पण माझी बोटं उघडत गेली. मला लाज वाटती सांगायला, पण उघडत गेली.

त्यानं वायर जागेवर खोचली. "लागते कवाकवा वेळ, दिवे यायले," म्हणला, आन् डब्यावरचे हिरवे दिवे कवा लागतात ते बगत उभा ऱ्हायला. पहिला लागला. दुसरा लुकलुकत ऱ्हायला. युपीएस टीं टीं करतोय. मोरीतला नळ बंद झाला.

कौशल्या बाहेर आली. हातात ताट. भाकरी, पिठलं, कांदा. फोन पदराखाली. तिच्या तोंडाकडं बगून मला काही कळंना, झालं का न्हाय झालं.

"वर्ध्याचे ना तुमी? लांबनं आलायसा. जेवून घ्या," म्हणली आन् ताट कीबोर्डाच्या पुढ्यात ठेवलं.

"नंतर, काकू." त्यानं ताट बोटानं बाजूला सारलं. दुसरा दिवा लागला. तो बसला. बटण दाबलं.

आमी दोघं उभे. हिनं माझं मनगट धरलेलं, नखं रुतलेली. पान उतरलं. मधी लाल अक्षरात येक ओळ. इंग्रजीत व्हती, पण ती ओळ कॅफेवाल्याच्या घरात समद्यांना वाचता येती. पासवर्ड चुकीचा हाय.

त्यानं पुन्हा दाबलं. हरण्यानं पुन्हा तेच जुनं ताट वाढलं. लाल ओळ. पुन्हा. लाल ओळ.

कौशल्याच्या तोंडातनं श्वास सुटला. तेवढाच. पण तो त्यानं ऐकला.

"आत्ता बदलला," तो हळूच म्हणला. "मघा पान उतरत व्हतं. म्हंजे तवा बरोबर व्हता. आत्ता बदलला." मंग तो कौशल्याकडं वळला. "काकू, फोन गरम असंल तुमचा. द्या बरं मले."

त्या फोनात नुकताच लावलेला नंबर व्हता. हे माझ्या डोक्यात आत्ता आलं, त्याच्या डोक्यात आधीच आलेलं. तो उठला. कौशल्या येक पाऊल मागं सरली आन् भिंतीला लागली. मी त्या दोघांच्या मधी जाऊन उभा ऱ्हायलो येवढं मला आठवतं, कसा गेलो ते न्हाय आठवत. त्याच्या श्वासाला वेलदोड्याचा वास येत व्हता.

"हेच ते गृहस्थ," दारातनं आवाज आला.

सर. मागं पिठाच्या गिरणीवरचा दत्तोबा, पिठानं पांढराफटक, अन् गिरणीत दळणाला आलेली चार-पाच माणसं.

"मी वाचत असताना मला उठवलं. पैसे मी भरलेले आहेत," सर म्हणले. "आमच्याकडे असं चालत नाही."

दिग्विजयनं समद्यांकडं येकदा पाह्यलं. मंग हसला, अगदी मघासारखा. सॅक पाठीला लावली. "गैरसमज झाला जी. काकाजी, रिक्षा तुमचीच ना बाहेर? स्टेशनले सोडता काय?"

कौशल्यानं मला मान हलवून न्हाय म्हणलं. पण मी इचार केला, ह्यो गल्लीत फिरण्यापेक्षा माझ्या आरशात असलेला बरा. बाकीच्यांनी बी काही केलं न्हाय, करणार काय? चौकीत म्हणले असते, नवरा हाय, बायको शोधतोय.

सोलापूर रोडनं मी त्याला नेला. आरशात तो, मागं हडपसर. फातिमानगर मागं पडलं. मंग म्हणला, "पुण्यात अजून किती कॅफे असतील, काकाजी?"

मी गिअर बदलला.

"आन् हापिसं? ज्या हापिसात बसून पोरगी पटकन पासवर्ड बदलू शकते, अशी?"

मी ब्रेक उशिरा मारला, येक सायकलवाला थोडक्यात वाचला. मागनं म्हणला, "सावकाश. तुमची काळजी वाटते." स्टेशनाला उतरला. मीटरप्रमाणं भाडं दिलं. रिक्षाच्या मागं गेला, नंबर वाचला, परत माझ्याजवळ आला. "लक्षात राह्यते माझ्या," म्हणला. आन् गर्दीत गेला. गाडीत बसला का दुसऱ्या दारानं बाहेर आला, देव जाणे. मी अंधार पडंस्तवर तिथंच उभा व्हतो, भाडी नाकारत.

घरी आलो तर कौशल्या तीन नंबरवर बसलेली. हरण्याला जेवढं लक्षात व्हतं तेवढं समदं पुसलं व्हतं. सरांचं बी. सर शेजारी बसून नवा पासवर्ड पाठ करत व्हते, लहान पोरावानी. दुसऱ्या दिवसापासनं मशीन उघडलं की पांड्याच. लोक कुरकुरले, फार हळू हाय म्हणले, परत परत इचारतो म्हणले. ही म्हणायची, "इचारू दे."

आमी चौकीत जाऊन आलो. साहेबानं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, आन् तो परत आला तर कळवा म्हणला. रुपालीनं त्याच रात्री हॉस्टेल सोडलं. पुढं नोकरी बी बदलली. त्या शनिवारी तिचा फोन आला, कुठल्यातरी बूथवरनं. मी शेजारीच व्हतो, ऐकू येत व्हतं.

"काकू, मी ठीक हाय. नवीन जागेचा पत्ता लिवून घ्या."

"सांगू नको."

"अवो काकू, तुमाले न्हाय सांगू तं कोणाले?"

"मला न्हाय, ह्यांना न्हाय. पोरी, माझ्या डोक्यात गेलं की ऱ्हातं. परवा तो माझ्यापुढं उभा व्हता. तुझ्या जुन्या हॉस्टेलाचं नाव माझ्या जिभंवर आलं व्हतं, भीतीनं. आणखी जरा उभा ऱ्हायला असता तर बाहेर पडलं असतं. तू सांगूच नको. रविवारी येऊ बी नको."

"मंग मी जिवंत हाय, हे तरी कसं कळवू?"

कौशल्यानं इचार केला. "फोन कर. नाव घेऊ नको. चुकून लागला म्हण आन् ठेव."

आता बरीच वर्षं झाली. कॅफे बंद पडला, समद्यांच्या खिशात नेट आलं. टेबलं परत जेवणाची झाली. सर गेले. मी अजून रिक्षा चालवतो, आन् मागनं कुणी काकाजी म्हणलं की आरसा बगायच्या आधी माझा पाय ब्रेकवर जातो. ती कुठं हाय, लग्न केलं का, हात सरळ झाला का, आमाला ठावं न्हाय. हिनं ठावं करून घेतलं न्हाय. गिऱ्हाइकाच्या आईचं ऑपरेशन अजून तारखंसकट सांगती, पण हे येक न्हाय.

कवाकवा दुपारी फोन वाजतो. दर वेळी नंबर निराळा. ही पिठाचे हात पुसून उचलती आन् परक्यासारखं इचारती, "कोण पाहिजे?"

तिकडनं बाईचा आवाज येतो. "चुकून लागला जी."

"असू दे," कौशल्या म्हणती. आन् तिकडनं ठेवल्याचा आवाज येईस्तवर फोन कानाला तसाच धरून उभी ऱ्हाती.